सोवळ्यातली तबकडी

"मामा, हात धुतलेस का?"

भाच्याच्या घरी अलीकडे मला दर वेळी हा प्रश्न विचारला जातो. जेवणाआधी नाही. जेवायला मी कसाही बसलो तरी चालतं. दिवाणखान्याच्या उजव्या कोपऱ्यात जायचं असेल तर हात धुवायचे असतात. त्या कोपऱ्यात त्याचा रेकॉर्ड प्लेअर आहे. त्याला रेकॉर्ड प्लेअर म्हणायचं नाही, टर्नटेबल म्हणायचं. रेकॉर्डला रेकॉर्ड म्हणायचं नाही, व्हिनाइल म्हणायचं. आणि व्हिनाइल वाजवायचं नसतं, हे मला मध्यंतरी कळलं.

एके दिवशी त्याच्याकडे परदेशातून पार्सल आलं होतं. मी ठाण्याला घोडबंदर रोडवर त्याच्या एकविसाव्या मजल्यावर पोचलो, तेव्हा ते डायनिंग टेबलावर मधोमध ठेवलेलं होतं आणि जेवणाची पानं खाली जमिनीवर मांडली होती. खोक्यातून खोकं, त्यातून बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद, त्यातून पुठ्ठा, असं करत शेवटी एक पिवळंधमक चौकोनी पाकीट निघालं. त्यावर तीन पोरांचे चेहरे आणि भोवती शाळकरी मुलांनी काढावीत तशी फुलं. वरून घट्ट पारदर्शक प्लास्टिक. भाच्याचे डोळे भरून आले. त्याच्या लग्नात मी त्याला इतका हळवा झालेला पाहिला नव्हता, आणि तो प्रेमविवाह होता.

"हा कोण?" मी विचारलं.

"हा नाही मामा, हे. डे ला सोल, रॅपवाले. थ्री फीट हाय अँड रायझिंग."

अल्बम मूळचा ३ मार्च १९८९ चा. भाचाही १९८९ चाच. अल्बमची ही नवी आवृत्ती निघाली बरोबर चौतीस वर्षांनी, ३ मार्च २०२३ ला. भाच्याचं पुनर्मुद्रण झालेलं नाही. तो मूळ आवृत्तीतच चालू आहे, कडा जरा झिजल्यात.

"लाव मग," मी म्हणालो.

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी देवघरातल्या गणपतीला पेपरवेट म्हणून मागितलंय.

"ही ठेवायची आहे. वाजवायची वेगळी मागवलीय. ती अजून यायचीय."

एक वाजवायला, एक ठेवायला. ठेवायची आधी आली. मग आम्ही दोघांनी ते बंद पाकीट समोर ठेवून तोच अल्बम त्याच्या फोनवरून ऐकला.

माझ्या आजीचं सोवळं कडक होतं. तिच्या लोणच्याच्या बरणीवर आमची सावली पडलेली तिला चालत नसे. पण वर्षातून एकदा का होईना, ती बरणी उघडायची आणि लोणचं पानात पडायचं. भाच्याचं सोवळं आजीच्या पुढचं आहे. रेकॉर्ड धरायची ती दोन तळव्यांच्या मध्ये, फक्त कडेने, तुपाने काठोकाठ भरलेली वाटी न्यावी तशी. तिच्याकडे तोंड करून बोलायचं नाही, थुंकीचे कण उडतात. उभी ठेवायची, आडवी नाही. ऊन नाही, दमट हवा नाही. धूळ टिपायला वेगळा ब्रश, सुई पुसायला त्याहून छोटा ब्रश. मुंबई-ठाण्यात दमट हवा चालत नसेल तर माणसांनाही राहता यायचं नाही; पण माणसांची आवृत्ती मर्यादित नसल्यामुळे त्यांचा विचार कोणी करत नाही.

यात एकटा भाचाच वेडा असता, तर बहिणीला सांगून काही करता आलं असतं. पण हे वेड फार पसरलेलं आहे. अमेरिकेत २०२२ साली साधारण ४ कोटी १० लाख रेकॉर्डी विकल्या गेल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख. रेकॉर्डींनी सीडींना मागे टाकलं ते १९८७ नंतर पहिल्यांदाच. आणि ल्युमिनेट नावाच्या, संगीताच्या विक्रीची मोजदाद करणाऱ्या कंपनीने २०२३ साली सांगितलं, की तिकडे रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांकडेच ती वाजवायचं यंत्र आहे. उरलेले निम्मे काय करत असतील? माझ्या भाच्याकडे यंत्र आहे, म्हणजे त्या जमातीत तो शहाण्यांत मोडतो.

जेवताना त्याने मला या पोरांची हकीकत सांगितली. ती ऐकल्यापासून त्या बंद पाकिटाकडे मला सरळ नजरेने बघता येत नाही.

न्यूयॉर्कच्या शेजारच्या लाँग आयलंडवर अ‍ॅमिटीव्हिल नावाचं गाव आहे. तिथली ही तीन पोरं. घरी येऊन त्यांची नावं सांगितली, तेव्हा माझी बायको खुर्चीवरून पडायची राहिली. एकाचं नाव ट्रूगॉय. त्याला दही फार आवडायचं, म्हणून त्याने 'योगर्ट' हा शब्द उलटा लिहून स्वतःला लावून घेतला. म्हणजे आमच्याकडचा असता तर त्याचं नाव 'हीद' झालं असतं. दुसऱ्याचं नाव पॉसड्नूस, तेही असंच उलटं करून बनवलेलं. तिसरा मासिओ, त्याला मात्र आपलं नाव उलटं फिरवावंसं वाटलं नाही. घरोघरी एक तरी जबाबदार मुलगा असतोच.

ही पोरं तेव्हा विशीच्या आसपास. त्यांच्याबरोबर प्रिन्स पॉल नावाचा त्यांच्याच वयाचा एक उपद्व्यापी निर्माता. यांच्याकडे ना वादकांचा ताफा, ना पैसे. होत्या त्या घरातल्या आणि जुन्या बाजारातल्या रेकॉर्डी. आईबापांच्या, काकांच्या, कोणीतरी टाकून दिलेल्या. त्यातून यांनी तुकडे उचलले. इथून चार सेकंद ढोल, तिथून गिटारची एक लकेर, ओटिस रेडिंगची शीळ, स्टीली डॅनचा एक तुकडा, हॉल आणि ओट्स यांचा एक. फ्रेंच शिकवणाऱ्या रेकॉर्डवरचा गुरुजींचा आवाजसुद्धा सोडला नाही. असे साठेक तुकडे जोडून त्यावर यांनी आपली बडबड घातली. मधेमधे टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेची नक्कल घातली, अगदी 'शोले'च्या संवादांच्या रेकॉर्डीसारखी. आमच्या गल्लीत गणपतीत ती रेकॉर्ड इतकी वाजली, की आरतीच्या आधी गब्बर बोलला नाही तर आरतीला उठायचं लोकांच्या लक्षातच यायचं नाही.

'द मॅजिक नंबर' हे त्यांचं गाणं तर सरळ तिनाच्या पाढ्यावरून उचललेलं आहे. १९७३ साली अमेरिकेत मुलांना पाढे पाठ व्हावेत म्हणून टीव्हीवर एक गाणं लागायचं, 'तीन हा जादूचा आकडा' अशा अर्थाचं. ते यांनी घेतलं. मी हे ऐकलं आणि मनात म्हटलं, आम्ही तीस वर्षं तीन त्रिक नऊ म्हणत राहिलो, आणि त्यावर अल्बम काढायचं एकाही मास्तराला सुचलं नाही.

सांगायचा मुद्दा असा. हा सगळा अल्बम रेकॉर्डींना हात लावून झालेला आहे. रेकॉर्डवर बोट ठेवायचं, ती मागे ओढायची, पुढे ढकलायची, सुई उचलून भलत्याच जागी टाकायची, तेच तेच चार सेकंद शंभरदा वाजवायचे. भाच्याच्या कोपऱ्यात जे जे निषिद्ध आहे, ते ते करून झालेला आहे. आणि त्याच अल्बमला आता हात लावायचा नाही. ज्या आज्यांनी आयुष्यभर चुलीपाशी कोळसे फुंकले, त्यांच्या फोटोला नातवंडं हात धुऊन हार घालतात, तसं काहीसं.

पुढे कोर्टकचेरी झाली. गोधडीतल्या प्रत्येक ठिगळाला मूळ साडीची मालकीण दारात उभी राहिली. अल्बममधल्या एका मिनिटभराच्या तुकड्यात द टर्टल्स या जुन्या मंडळींच्या गाण्याचा भाग घेतला होता, न विचारता. त्यांच्यातल्या दोघांनी दावा लावला आणि प्रकरण कोर्टाबाहेर पैसे देऊन मिटलं. शर्यतीत कासव जिंकतं हे आपण पहिलीत शिकलो होतो. खटल्यातही जिंकतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

ज्या तुकड्यांची परवानगी घेतली होती, त्यांचं दुखणं वेगळंच. तेव्हाचे करार होते रेकॉर्ड, कॅसेट अशा हातात धरता येणाऱ्या वस्तूंसाठी. पुढे गाणी हवेतून फोनमध्ये उतरणार आहेत, हे १९८९ सालच्या वकिलाला कुठून सुचावं? त्याने ते लिहिलं नाही. परिणाम असा, की जगातली सगळी गाणी फोनवर आली तरी हा अल्बम आला नाही. सगळे त्याला थोर म्हणत. अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयाने २०१० साली तो जतन करण्याच्या यादीत घातला. पण ऐकायचा म्हटला तर मिळत नसे. आमच्या वाचनालयातल्या 'ज्ञानकोशा'सारखी त्याची अवस्था. सगळ्यांना आदर, आणि कपाटाची किल्ली हरवलेली. २०१४ च्या व्हॅलेंटाइन दिनाला या तिघांनी वैतागून आपली जुनी सगळी गाणी पंचवीस तासांसाठी फुकट वाटून टाकली. मग २०२१ साली त्यांची जुनी रेकॉर्ड कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली, पुन्हा नव्याने परवानग्या झाल्या आणि २०२३ च्या मार्चमध्ये तो एकदाचा फोनवर आणि नव्या रेकॉर्डीवर एकदमच आला.

त्या दिवसाच्या जेमतेम तीन आठवडे आधी, १२ फेब्रुवारीला, दह्याचं नाव लावणारा तो डेव्ह जोलिकर गेला. चोपन्न वर्षांचा होता. इथे भाचा बोलायचा थांबला आणि मीही पापड मोडायचा थांबलो.

थोड्या वेळाने मी विचारलं, "पण नाव असं का? तीन फूट उंच?"

"जॉनी कॅशचं जुनं गाणं आहे मामा, १९५९ चं. पुराचं. त्याच्या लहानपणी अर्कान्सॉमध्ये पूर आला होता, १९३७ ला. गाण्यात पाणी फुटाफुटाने चढत पाच फुटांवर जातं. ह्यांनी त्यातला तीन फुटांचा तुकडा उचलला. नाव तिथून आलं."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. कारण घरात तीन फूट पाणी आणि वर चढतंय म्हणजे काय, हे मला जॉनी कॅशने सांगायची गरज नव्हती.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे आता सगळ्यांना पाठ आहे. आम्ही तेव्हा कुर्ला पश्चिमेला तळमजल्यावर राहत होतो, मिठी नदीपासून हाकेच्या अंतरावर. मिठीला नदी म्हणतात हे त्या दिवसापर्यंत आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. चार वाजता पाणी उंबऱ्याशी, साडेचारला एक फूट. ही गॅसचा सिलेंडर पलंगावर चढवत होती, मी तांदळाचा डबा पोटमाळ्यावर टाकत होतो, शेजारचे आमचा फ्रीज उचलायला आले होते आणि दरवाजात अडकून पडले होते. आणि आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर, टेबलावर पाय वर घेऊन बसले होते आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, "रेकॉर्डी वर घ्या रे."

अण्णांच्या रेकॉर्डी शोकेसच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात होत्या. 'गीतरामायण', बालगंधर्व, हिराबाई, दोन-तीन इंग्रजी वाद्यवृंदाच्या आणि 'शोले'. एचएमव्हीचा फिएस्टा हा रेकॉर्ड प्लेअर त्यांनी बोनसमधून घेतला होता. अण्णांच्या मते घरात मोलाच्या गोष्टी तीन: तो फिएस्टा, त्या रेकॉर्डी, आणि मग आम्ही.

"अण्णा, तांदूळ आधी," मी ओरडलो.

"तांदूळ रेशनवर मिळतात," अण्णा म्हणाले.

पाणी तीन फुटांवर गेलं तेव्हा रेकॉर्डींचा कप्पा पुरता पाण्याखाली होता. तीन फूट म्हणजे दोन हात. दोन हात करायला तिथे कोणी उरलं नव्हतं. आम्ही सगळे पोटमाळ्यावर होतो आणि अण्णा वरून खाली बघत होते.

पाणी ओसरल्यावर शोकेस उघडली. पाकिटांचा लगदा झाला होता. श्रीरामप्रभूंचं चित्र आणि बालगंधर्वांचा शालू एकमेकांत मिसळून गेले होते. लेबलंही निघून गेली होती. पण तबकड्या होत्या तशाच! जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या असायच्या त्या लाखेच्या. त्या आपटल्या की फुटतात. पण पुढच्या एलपी प्लास्टिकच्या. व्हिनाइल हे शेवटी प्लास्टिकच, पाण्याने त्याला काही होत नाही. हिने त्या नळाखाली भांड्यांच्या साबणाने घासल्या आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घालायचा प्रयत्न केला. शेवटी ताटाळ्यात उभ्या करून ठेवल्या. आता ठाण्यात भाचा दोन हजार रुपयांचं द्रावण वापरून तासभर जे करतो, ते हिने २००५ साली तीन मिनिटांत केलं होतं.

प्रश्न असा झाला, की लेबलं गेल्यामुळे कुठली कोणाची ते कळेना. फिएस्टा तर पाण्यात गेलेलाच होता. अण्णा सहा महिन्यांनी गेले. त्या काळ्या गोल वस्तू ताटाळ्यात जागा अडवायला लागल्या. मग एके दिवशी भंगारवाला आला, आणि त्याने त्या तराजूत टाकल्या.

हे मी इतके दिवस पाप म्हणून मनात ठेवलं होतं. पण भाच्याने त्या दिवशी मला एक पाकीट दाखवलं, त्यावर ठळक छापलेलं होतं: '१८० ग्रॅम'. हल्ली म्हणे चांगली रेकॉर्ड वजनावरून ओळखतात. साधी असते ती १२०-१४० ग्रॅमची, ही १८० ची, म्हणून तिला भाव जास्त. मी म्हटलं, अरे, पावशेरही भरत नाही! आणि रेकॉर्डीचं मोल वजनात असतं हे आमच्या कुर्ल्याच्या भंगारवाल्याला अठरा वर्षांपूर्वी कळलं होतं. तो काळाच्या पुढे होता, एवढंच.

"मामा," भाच्याचा आवाज घोगरा झाला, "आजोबांकडे कुठल्या कुठल्या होत्या, आठवतं?"

मला आठवल्या तेवढ्या सांगितल्या. त्यातल्या एकीचा आजचा भाव त्याने फोनवर बघून मला दाखवला. तो मी हिला अजून सांगितलेला नाही. लग्नाला सदतीस वर्षं झाली, ती चाळिशीपर्यंत न्यायची आहेत.

पंधरा दिवसांनी 'वाजवायची' आली. मला खास बोलावणं होतं. मी हात धुतले, रुमालाने पुसले आणि रुमाल चालतो का ते विचारलं. चालत नव्हता, धागे सुटतात. मग हात हवेत वाळवले. दोन तबकड्या. सदुसष्ट मिनिटांचा ऐवज, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपेक्षा जास्त कोंबलं तर खोबण्या अरुंद होऊन आवाज मरतो, म्हणून दोन. म्हणजे साधारण दर सतरा मिनिटांनी उठायचं, उलटवायची, पुन्हा ब्रश, पुन्हा सुई. गुडघ्याच्या डॉक्टरने मला हाच व्यायाम सांगितला होता, पण इतक्या संगीतमय रीतीने नाही.

सुई टेकली. भाच्याने डोळे मिटले. आणि पहिल्याच मिनिटात मला ओळखीचा आवाज आला. खर्र, खर्र, टिक्, खर्र.

"धूळ राहिली वाटतं," मी म्हणालो.

तो ताडकन उठला. रेकॉर्ड काढली, पुसली, सुई फुंकली, ब्रश फिरवला, परत लावली. त्याच जागी पुन्हा खर्र, टिक्. तिसऱ्यांदा पुसल्यावर त्याच्या लक्षात आलं. खरखर ह्या रेकॉर्डीवर नव्हती, ह्या रेकॉर्डीमध्ये होती. त्या पोरांनी जुन्या झिजलेल्या रेकॉर्डींवरून तुकडे उचलले, तेव्हा गाण्याबरोबर खरखरही आली होती. कोणाच्या तरी बापाने हजारदा वाजवलेल्या रेकॉर्डीची खरखर, आता कोऱ्या करकरीत तबकडीवर, चाळीस हजारांच्या यंत्रातून, अगदी स्वच्छ ऐकू येत होती. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलो, अण्णा बसायचे तसा. भाचा काही बोलला नाही.

अल्बम कसा आहे विचाराल, तर चांगला आहे. शब्द निम्मे कळत नाहीत, पण पोरं मजा करताहेत हे कळतं. त्या फुलांमुळे लोक त्यांना फुलं वाटत फिरणारे भोळे समजायला लागले, याचा त्यांना इतका कंटाळा आला, की १९९१ च्या दुसऱ्या अल्बमचं नाव त्यांनी ठेवलं 'डे ला सोल इज डेड', आणि मुखपृष्ठावर काढली फुटलेली कुंडी. मला हे फार आवडलं. आमच्या लेखकांनाही एकदा विनोदी म्हटलं की पुढची चाळीस वर्षं कुंडी फोडायची सोय नसते.

घरी आल्यावर मी पोटमाळ्यावर चढलो. म्हणजे आता आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, पोटमाळा नाही, बाथरूमवरचा लॉफ्ट आहे. पिंपावर एक तबकडी मिळाली. त्या पुरातली एक तेवढी उरली होती. ती झाकण म्हणून ठेवलेली होती. तिच्यावर लेबल नाही, आणि ती कोणाची आहे हे आता जगात कोणालाच ठाऊक नाही. गीतरामायण असेल, गब्बर असेल. भाच्याला फोन केला, तर तो रात्री साडेअकराला ठाण्याहून गाडी काढून आला आणि ती उशीच्या अभ्र्यात गुंडाळून घेऊन गेला. वाजवण्याआधी धुवायला हवी म्हणाला. याला आता तीन आठवडे होऊन गेले.

वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, ताटाळ्यात किंवा पिंपावर अशा तबकड्या असतील, तर त्यांनी भंगारवाल्याला हाक मारण्याआधी कृपा करून मला कळवावं. मी वजनावरच घेईन, आणि किलोमागे त्याच्यापेक्षा दोन रुपये जास्त देईन. हात धुवायची अट नाही.